उघडा तळ

गल्लीत त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. दुकान सासऱ्यांचं. लग्नानंतर वर्षभरात तो तिथं कामाला लागला आणि शेजारचा टायरवाला, समोरचा वेल्डर, नेहमीची गिऱ्हाइकं अशा सगळ्यांच्या तोंडी तो 'जावई' झाला. सुरुवातीला त्याला ते टोचायचं. पुढे इतकं अंगवळणी पडलं, की दवाखान्यात खऱ्या नावाचा पुकारा झाला तरी तो क्षणभर दुसऱ्याच कुणाकडे बघायचा.

दुकान गाड्यांच्या आतल्या कामाचं होतं. सीटकव्हरं, छताचं कापड, कार्पेट ही रोजची कामं, पण दुकानाचं नाव झालं होतं ते गाडीतला आवाज मारण्यासाठी. सासरे, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यात पटाईत होते. एका बाजूनं चिकट आणि दुसऱ्या बाजूनं चकचकीत पन्नी असलेली जाड डांबरी शीट ते गाडीच्या तळावर अशी बसवायचे, की पत्र्याचा थरथराट जागच्या जागी मरायचा. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात कापायला लागले. त्यांनी काम सोडलं, दुकान मात्र सोडलं नाही. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि जावयाच्या कामात चुका काढायचे. मागच्या बाजूला त्यांची मुलगी, म्हणजे जावयाची बायको, शिलाई मशीनवर सीटकव्हरं शिवायची आणि दोघांचं ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

त्या मंगळवारी सकाळी सिस्टर गाडी घेऊन आल्या. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं, हे त्यांचं काम. गाडीवाचून त्यांचं पान हलत नसे. गेली नऊ वर्षं त्यांची गाडी मास्तरांच्याच हाताखालून जात होती. मास्तर दर सहा महिन्यांनी स्वतः फोन करून ती बोलावून घ्यायचे, दारं उघडून बघायचे, चाकांपाशी वाकून बघायचे. लोक म्हणायचे, मास्तरांचा सिस्टरवर लोभ आहे.

सिस्टर म्हणाल्या, गाडीत कुबट वास येतोय. पायाखालचं कार्पेट ओलं लागतंय. आणि हल्ली खड्ड्यातून गेलं की खालून कर्र असं काहीतरी वाजतं.

"शीटखाली पाणी गेलं असणार," जावई म्हणाला. "सगळं काढून बघावं लागेल."

मास्तर खुर्चीतून उठले. काढायबिढायची काही गरज नाही म्हणाले. दोन दिवस दारं उघडी ठेवून उन्हात लावा आणि वरून अजून एक थर मारा, की झालं.

जावयानं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ओल्यावर शीट चिकटवणारा माणूस कारागीर नव्हे, हे वाक्य त्यानं त्यांच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. एकदा चुकून दमट पत्र्यावर शीट लावली म्हणून त्यांनी त्याला चारचौघांत झाडलंही होतं. पण सिस्टर समोर होत्या. गुरुवारी सकाळी गाडी देतो, एवढंच त्यानं सांगितलं आणि त्या खांद्याला बॅग लावून बसथांब्याकडे गेल्या.

त्यानं सीटचे बोल्ट सोडले. चारही सीट बाहेर काढून भिंतीशी मांडल्या. कार्पेट उचललं तर त्यातून बादलीभर पाणी निथळलं. खाली मास्तरांची शीट होती, अजूनही चकचकीत, सांधे असे जुळवलेले की नख जाणार नाही. गरम हवेची गन सुरू करून त्यानं एक कोपरा तापवला आणि खाली खरवडायची पट्टी सारली. शीट सुटली, पण नखरे करत. डांबर ताणलं जायचं, त्याचे तार निघायचे, पट्टीला, हातमोज्यांना, कोपराला, सगळीकडे चिकटायचे. दोन तासांत जेमतेम परातीएवढा तुकडा निघाला. गाडीच्या आत वाकून पाठीचा काटा ढिला झाला आणि डांबराच्या वासानं डोकं जड झालं.

त्यात मास्तर. एरवी ते खुर्चीत बसून बोलायचे, आज त्यांचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. दारापर्यंत जायचे, परत यायचे, गाडीत डोकावायचे. पुढचं डावं तेवढं काढा, पाणी तिथंच आहे, म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, मागचं तर अगदी कोरडं आहे, माझी जबाबदारी. मग म्हणाले, जावईबापू, तुम्हाला बाकीची कामं नाहीत का? चिडले की ते 'बापू' जोडायचे. दुपारी बायकोनं डबा उघडला, तर मास्तरांनी अर्धी पोळी कुस्करून तशीच ठेवली. ती जावयाला हळूच म्हणाली, बाबांना काय झालंय आज? त्याला काय माहीत. पण त्याच्याही जिवाला कसलीतरी टोचणी लागली होती. हात काम करत होते आणि मन सारखं गाडीच्या मागच्या बाजूला जात होतं, जिथं बघू नका म्हणून त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

बुधवारी तो दुकानात यायच्या आधी औषधं साठवणाऱ्या गोदामातून सुका बर्फ घेऊन आला. धूर ओकणाऱ्या त्या बर्फानं डांबर काचेसारखं कडक होतं, हे त्यानं कुठंतरी पाहिलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं. त्यानं गाडीची चारही दारं सताड उघडी ठेवली, जाड हातमोजे चढवले आणि तुकडे तळावर पसरले. चुर्र आवाज झाला, पांढरी वाफ उंबऱ्यावरून खाली सांडली. शीट आतल्या आत तडतडायला लागली. दहा मिनिटांनी त्यानं लहान हातोडीनं टोला दिला, तर तळहाताएवढा ठिकरा टणकन उडाला. कालच्या दिवसभराचं काम पाऊण तासात उरकलं. त्याला लहान पोरासारखा आनंद झाला. एक टोला, एक ठिकरा. पुढचा भाग साफ झाला. खाली लाल रंगाचा पत्रा होता, डाव्या कोपऱ्यात गंजलेला. गाडी बाहेरून लालच होती.

मग तो मागे सरकला. पुढच्या सीटच्या जागेखाली त्यानं टोला मारला, ठिकरा उडाला आणि खाली राखाडी रंग दिसला.

त्याला वाटलं, गंजरोधक लावलं असेल. अजून एक टोला मारला. तिथंही राखाडी. तो हातोडी ठेवून पट्टी घासत लाल भागापर्यंत आला. जिथं लाल संपत होता आणि राखाडी सुरू होत होता, तिथं एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत एक सरळ रेघ होती. बोट फिरवलं तर लागत होती. वर लुकणासारखं काहीतरी भरून, घासून सपाट केलेली. मागे वळून बघायची त्याला गरज नव्हती. मास्तरांच्या चपलांचा आवाज थांबला होता.

त्यानं समोरच्या वेल्डरला बोलावलं. वेल्डर तोंडाळ माणूस, येता येता दोन विनोद करून आला. पण आत वाकल्यावर त्याची बडबड बंद झाली. त्यानं उजव्या दाराखाली जॅक लावला आणि गाडी चार बोटं उचलली. दाराजवळ त्या रेघेनं तोंड उघडलं. वीतभर लांबीची चीर पडली आणि तिच्यातून खालची फरशी दिसली. मागचं दार लावायला गेला तर लागेना.

"ही एक गाडी नाही," वेल्डर म्हणाला. "दोन आहेत. अपघातातल्या एकीचं पुढचं धूड, दुसरीचं मागचं. मधे कापून जोडलंय. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा मी हिच्यातून जाणार नाही."

आणि तो निघून गेला. जाताना विनोद केला नाही.

जावई गाडीच्या उंबऱ्यावर बसून राहिला. गुडघ्यांवर डांबराचा भुगा, हाताला झिणझिण्या. मागं शिलाई मशीनही थांबलं होतं.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तर खुर्चीवर बसले, पुन्हा उठले, भिंतीशी मांडलेल्या सिस्टरच्या गाडीच्या सीटवर बसले. मग एकेक करून सांगू लागले. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक दोस्त होता, आता कुठं आहे कुणाला ठाऊक. दुकान नवं होतं तेव्हा त्यानंच कामं आणून दिली होती. नऊ वर्षांपूर्वी तो ही गाडी घेऊन आला, कार्पेट काढलेलीच. जोड उघडा दिसत होता. मास्तरांनी विचारलं, तर हसून म्हणाला, तुम्ही तुमचं काम करा. मास्तरांनी हातोडीनं ठोकून पाहिलं. वेल्डिंग पक्कं वाटलं. दहा वर्षं तरी हलणार नाही असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि शीट लावली. त्या शीटवर त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम केलं.

"पुढं आठवड्यानं, त्याच्याकडून विकत घेतलेली हीच गाडी घेऊन सिस्टर माझ्याकडे आल्या," ते म्हणाले. "मला विचारलं, मास्तर, गाडी चांगली आहे ना? मी म्हणालो, आवाज अजिबात येणार नाही."

 दर सहा महिन्यांनी केलेले ते फोन, ते वाकून बघणं, सगळं जावयाच्या डोळ्यांसमोरून सरकलं. माणूस नऊ वर्षं मोजत बसला होता.

मास्तरच पुढं बोलू लागले, घाईघाईनं, कुणी मधे बोलू नये म्हणून. जोड कापून पक्का करता येईल. खालून पट्ट्या मारू. समोरच्याला सांगू, तो तोंड बंद ठेवेल. वरून नवी शीट. उद्या सकाळी गाडी द्यायची आहे, रात्र हातात आहे. दुकानाचं नाव आता तुमचंही आहे, जावईबापू.

खोटं कशाला, जावयाच्या मनातही ते येऊन गेलं होतं. वेल्डर उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच आलं होतं. लोकांना कळलं तर कोण पाऊल ठेवणार इथं? त्याला धड बसवेना. तो उठला, हातोडी उचलली, ठेवली, पाणी प्यायला, परत उठला.

तेवढ्यात बायको मागून आली. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"बाबा, गेल्या वर्षी आमची पिंकी तापानं फणफणली होती," ती म्हणाली. "सिस्टरनीच आपल्याला दवाखान्यात नेलं. ह्याच गाडीतून. मी तिला मांडीवर घेऊन मागं बसले होते आणि तुम्ही पुढं. सगळा रस्ता तुम्ही सिस्टरना सांगत होतात, हळू घ्या, हळू घ्या. मला वाटलं, नातीसाठी जीव तुटतोय."

मास्तरांनी मान खाली घातली. 

"तुटतच होता," ते म्हणाले.

"तेव्हाही बोलला नाहीत."

ती परत जाऊन मशीनपाशी बसली, पण मशीन चालू केलं नाही.  शेवटचा सुका बर्फ पत्र्यावर चुरचुरत विरून गेला. मग मास्तरांनी जावयाकडे फोन मागितला. नंबर दाबताना दोनदा चुकले. जावयानं लावून दिला. मास्तर सिस्टरना एवढंच म्हणाले, की आजच येऊन जा, गाडी न्यायला नाही, बघायला.

सिस्टर दुपारच्या फेऱ्या आटोपून चार वाजता चालत आल्या. मास्तरांनी कुणाला बोलू दिलं नाही. स्वतः काठीसारखी पट्टी हातात धरून सिस्टरना गाडीपाशी नेलं, लाल दाखवला, राखाडी दाखवला, रेघ दाखवली, चिरेतून खालची फरशी दाखवली. कधी पाहिलं, काय केलं, का बोललो नाही, सगळं सांगितलं. दोस्ताच्या नावावर काही ढकललं नाही. आवाज एवढा खाली होता, की सिस्टरना दोनदा 'काय?' म्हणावं लागलं आणि दोन्ही वेळा त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं.

सिस्टर आधी ओरडतील असं जावयाला वाटत होतं. त्या वाकल्या, चिरेत तर्जनी घातली, बोटाला लागलेला गंज रुमालाला पुसला.

"माझी दोन्ही मुलं मागं बसायची," त्या म्हणाल्या. "शाळेत, पोहायला, सगळीकडे. तुम्ही त्यांना गोळ्या द्यायचात, मास्तर, खिडकीतून हात घालून. तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला?"

"विचारलं होतं."

 सिस्टर गाडीच्या खणातून, डिकीतून स्वतःच्या वस्तू काढायला लागल्या. टॉर्च, छत्री, पट्ट्यांची खोकी, रक्तदाब मोजायचं यंत्र, मुलीचा एक जुना केसांचा पट्टा. मास्तर म्हणाले, माझी गाडी घेऊन जा, मी तशीही चालवत नाही, तुमचीच समजा. सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. जावई सामान उचलू लागला, तर त्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. फक्त जाताना मशीनपाशी थांबून त्यांनी पिंकी कशी आहे विचारलं. बायको म्हणाली, बरी आहे, आणि तिला रडू फुटलं.

पुढचे आठ दिवस मास्तर दुकानात आले नाहीत. घरी ते खोल्या मोजत असायचे. स्वयंपाकघर, पुढची खोली, गॅलरी, पुन्हा स्वयंपाकघर. गल्लीत बातमी पसरली होतीच. दोन गिऱ्हाइकांनी ठरलेलं काम दुसरीकडे नेलं. टायरवाला जरा जास्तच गोड बोलू लागला. जावई दिवसभर काम करायचा आणि कुठलंच काम पुरं व्हायचं नाही. एक टाका घालायचा आणि दारात येऊन उभा राहायचा.

नवव्या दिवशी सिस्टरचा फोन आला. बसनं फेऱ्या होत नाहीत, एक आजोबा वेळेवर इंजेक्शन न मिळाल्यानं दवाखान्यात आहेत, असं त्या म्हणाल्या. मास्तरांची गाडी घेईन. पण आधी तिचा तळ उघडा करा. पूर्ण, डिकीपर्यंत. मी माझा माणूस घेऊन येऊन बघणार.

जावयानं घरी येऊन सांगितलं, तशी मास्तर तडक उठले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते दारात उभे होते. जावयानं सुका बर्फ आणला होता, त्यांनी तो हातोडीसकट बाजूला ठेवायला लावला. टोला नेमका बसणार नाही, काच फुटायची, म्हणाले. गरम हवेची गन आणि पट्टी घेऊन त्यांनी पुढच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. स्वतःची गाडी, त्यामुळे शीटही तीन थरांची. कापऱ्या हातानं पट्टी घसरायची, तर डाव्या हातानं मनगट धरून रेटायचे. जावयानं दोनदा हात पुढं केला. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. मग तो मुकाट्यानं निघालेले तुकडे पोत्यात भरत राहिला. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी थिनरनं पुसून झाल्यावर पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच निळ्या रंगाचा निघाला, डिकीत चिमूटभर गंज सोडला तर.

सिस्टर आपला मेकॅनिक घेऊन आल्या. तो पाऊण तास गाडीच्या आत आणि खाली होता. चांगली आहे म्हणाला. मास्तरांनी विचारलं, नवी शीट लावून देऊ का, नाहीतर फार वाजेल. सिस्टर म्हणाल्या, काहीही लावू नका, कार्पेट सुटं टाका. मला वाटेल तेव्हा उचलून बघता आलं पाहिजे. किल्ली त्यांनी जावयाच्या हातून घेतली. गाडी गल्लीच्या वळणापर्यंत डब्यासारखी खडखडत गेली. माफ केलं म्हणाल्या नाहीत, मास्तरांनीही माफी मागितली नाही. त्यानंतर सिस्टर दुकानात कधी आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर बायकोशी बोलतात.

लाल गाडी समोरच्या वेल्डरनं जागेवरच कापली, म्हणजे पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको. जोडावरून ती फारसे श्रम न घेता वेगळी झाली.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना जावयानं मास्तरांना विचारलं, "मामा, अशा अजून किती?"

"एवढीच," मास्तर म्हणाले.

"नक्की?"

"एवढीच, जावई." त्यांनी 'बापू' म्हटलं नाही.

त्याला विश्वास ठेवायचा होता. बायकोला त्यानं तसंच सांगितलं, आणि तिनं होकाराची मान हलवली, पण डोळे शिलाईवरून वर उचलले नाहीत. तेव्हापासून मास्तरांच्या हातची कुठलीही जुनी गाडी दुकानात आली की, मग ती नुसत्या सीटकव्हरासाठी का आलेली असेना, गिऱ्हाईक चहाला गेलं की तो सीट सोडतो, कार्पेट उचलतो आणि शीटचा कोपरा तापवून बघतो. काल किराणा दुकानदाराची पांढरी गाडी आली होती. डाव्या बाजूला पत्रा स्वच्छ पांढरा निघाला. त्यानं कोपरा परत दाबून बसवला, कार्पेट सारखं केलं, हात पुसले. मग दाराकडे एक नजर टाकून तो वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि पुन्हा गन सुरू केली.